थिजलेलं खोबरेल

रमा: परवा म्हणालात बुधवारी लावू. आज बुधवार उजाडला तर म्हणता, थिजलंय. अहो आई, थिजलेलं खोबरेल वितळवायला असं काय लागतं? डबा चुलीजवळ ठेवला तरी पुरे.

द्वारकाबाई: चुलीजवळ नको. करपतं.

रमा: डब्यातल्या डब्यात?

द्वारकाबाई: तुला काय माहीत इथली ठंड. तुमच्या गुहागरला ठीक आहे, तिकडे पौषातसुद्धा घाम पुसतात माणसं. इथे माळव्यात खोबरेल डोक्यावर घातलं की सर्दी सीधी छातीत उतरते. आणि बाळंतिणीने तर बिल्कुल नाही. गंगूबाई अंगाला तिळीचं तेल चोळून गेली ना? बस झालं.

रमा: अंगाला चोळलं. डोक्याला हात लावायला तुम्हीच नको म्हणालात तिला. बारशाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज चोळत होती, तेव्हा कुठे सर्दी झाली मला?

द्वारकाबाई: तेव्हा हवा एवढी नव्हती.

रमा: केस बघा माझे, काथ्या झालाय. काल बाळाला पाजताना एक बट त्याच्या गालाला टोचली तर रडायला लागला.

द्वारकाबाई: उगाच काहीतरी. भूक लागली असेल. हे घे, डिंकाचा लाडू खा. आणि ती शाल कानावरून घे.

रमा: लाडू खाते. पण आई, एवढा गुहागराहून डबा आला, बोटीतून मुंबईला, मुंबईहून रेल्वेने इथवर. अण्णांनी मुद्दाम बाळंतिणीसाठी म्हणून पाठवला. आणि त्याचं झाकणसुद्धा उघडायचं नाही? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं झालंय माझ्या तेलाचं.

द्वारकाबाई: उघडू ना. पळून चाललंय का तेल?

रमा: आणि पोचल्याचं कार्ड? अण्णांना तेल पोचलं म्हणून दोन ओळी टाकायला सांगितल्या होत्या मी तुम्हाला, बारशाच्या दिवशी सकाळी. टाकल्यात?

द्वारकाबाई: कार्ड... हो, टाकते आज. बारशाच्या गडबडीत कुणाला वेळ होता? आणि अच्युत एक दिवस आला नि गेला. राजधानी काय भोपाळला नेली, अर्ध्या इंदूरचे नवरे सोमवारी सकाळी स्टेशनवर दिसतात. पोस्टात कुणाला पाठवू, बोल.

रमा: मी लिहिते. शेजारचा कुणी टाकील.

द्वारकाबाई: बाळंतिणीने लिहू नये. डोळ्यांवर जोर पडतो.

रमा: आई, हसू येतं हो आता. तेल नको, लिहिणं नको. लक्ष्मण आला तर मला न भेटता गेला. आमच्या शेजारच्या आळीतला मुलगा, लहानपणी माझे आवळे पळवायचा. इथे पोलोग्राउंडला कारखान्यात लागला तो अण्णांच्याच ओळखीने. सुट्टीवरून परत येताना एवढं ओझं आणतो आणि दारातूनच जातो? चहा तरी घेतलान का?

द्वारकाबाई: घाई होती त्याला. त्याची पाळी होती.

रमा: शनिवारी संध्याकाळी? मग काय म्हणाला तो? अण्णांचं काय सांगितलं? तुम्ही नुसतं म्हणता, खुशाल आहेत.

द्वारकाबाई: अगं, मग आणखी काय सांगणार तो? वहिनी म्हणून कोण हाका मारतंय बघ. सरोजिनीवन्संच दिसतात. या वन्सं, या! आत या, इकडे, बाळंतिणीच्या खोलीत.

सरोजिनी: अरे वा, दार सताड उघडं आणि सासू-सून गप्पा मारून राहिल्यात! वहिनी, कोणी भांडी उचलून नेली असती तर? कशी आहेस ग रमा? आणि हा आमचा रघुवीर! बघा बघा, कसा बघतोय आत्याआजीकडे. नाक अच्युतचं घेतलं बिचाऱ्याने.

रमा: आत्याबाई, बसा ना. तुमचं पलासियाहून एवढ्या सकाळी येणं झालं?

सरोजिनी: तेलासाठी आले! खोटं कशाला बोलू? बारशाला तू म्हणालीस ना, माहेरचं खोबरेल आलंय, अस्सल घाण्याचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. इथे बाजारात जे मिळतं ना, त्याला वास म्हणजे नुसता साबणाचा. एक बाटली दे, बस. ही बघ, बाटली घेऊनच आलेय.

द्वारकाबाई: वन्सं, डबा अजून उघडला नाही.

सरोजिनी: मग उघडूया! तुला सांगते रमा, माझी ती सिंधी शेजारीण आहे, कृपलानीबाई. कातडी काय आहे तिची, कसम से! चाळीशी उलटली तरी गालांवर एक सुरकुती नाही. विचारलं तर म्हणते, रात को सोते समय नारियल तेल, बस. आणि आम्ही कोल्ड क्रीमच्या बरण्या घेऊन बसतो.

रमा: त्यात नवीन काय, आत्याबाई! आमच्याकडे सगळं त्याच्यावरच चालतं. ओठ उलले, लाव खोबरेल. टाचांना भेगा पडल्या, लाव खोबरेल. फणस कापायला बसायचं तर आधी विळीला नि हाताला खोबरेल, नाहीतर चीक महिनाभर निघत नाही. नवीन बांगड्या भरताना हाताला लावायचं. दिव्यात घालायचं. बाळाची टाळू भरायची ती खोबरेलानेच.

सरोजिनी: इथे तर तिळीच्या तेलाने भरतात.

रमा: तेच तर. डबा घरात असून माझ्या बाळाची टाळू तिळीच्या तेलाने भरतात.

सरोजिनी: आणि ह्या पाळण्याची कडी करकरतेय, तिलासुद्धा दोन थेंब दे. वहिनी, ऐकू नाही येत तुला? पोराची झोप मोडते. कुठे ठेवलाय डबा? मीच आणते. कोठीच्या खोलीत?

द्वारकाबाई: राहू दे वन्सं. हवा गार आहे. तुम्ही चहा घ्या आधी.

सरोजिनी: चहा घेतेच. तू पाणी ठेव, तोवर मी... हे काय! सापडला. तांदळाच्या पोत्यामागे, वरून तरटाचं झाकण! वहिनी, तेल लपवतात का कुणी? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला द्यायला लागेल म्हणून लपवलंस, हो की नाही?

द्वारकाबाई: काहीही बोलता वन्सं तुम्ही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सरोजिनी: अगं, मस्करी केली. चेहरा कसला केलास! रमा, बघ, हा डबा आणला. झाकणाला मेण लावलंय चारी बाजूंनी.

रमा: अण्णांचंच काम आहे ते. बोटीत सांडू नये म्हणून. इकडे आणा, आत्याबाई. सुरी नको, त्या उलथन्याच्या टोकाने निघेल. हं... उघडलं की नाही बघा कसं? वास घ्या! घ्या ना!

सरोजिनी: गजब! अगदी ओल्या नारळाचा वास.

रमा: अण्णा खोबरं स्वतः वाळत घालतात, अंगणात. कावळे हाकायला काठी घेऊन बसतात. घाण्यावर दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही, स्वतः उभं राहायचं. दिवाकरदादा हसतो त्यांना. आत्याबाई, तुम्हाला ठाऊक आहे? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून लग्न होईपर्यंत माझं डोकं अण्णांनी चोळलं, दर बुधवारी आणि रविवारी. वेणीसुद्धा तेच घालायचे. वाकडी यायची, शाळेत मुली हसायच्या. पण मी कधी सोडून परत घातली नाही.

सरोजिनी: बाई ग! बापाने वेणी घातलेली मी ऐकली नव्हती कधी.

रमा: म्हणून तर मला आजच लावायचंय. बुधवार आहे.

सरोजिनी: मग अडलंय कुठे? बघ, घट्ट आहे तुपासारखं, पण हातावर घेतलं की लगेच वितळून राहिलंय. गरम करायचीसुद्धा जरूर नाही. चल, शाल काढ डोक्यावरची. वाक जरा माझ्याकडे.

द्वारकाबाई: वन्सं, नको.

सरोजिनी: अगं, दोन मिनिटांचं काम. मी चोळते, तुला त्रास नाही.

द्वारकाबाई: नको म्हटलं ना! हात लावू नका तिच्या डोक्याला! तेल लावायचं नाही तिला! वन्सं, तुम्हाला देवाची शपथ आहे!

(पाळण्याची कडी करकरते.)

सरोजिनी: वहिनी... एवढं ओरडायला काय झालं? पोर दचकलं बघ.

द्वारकाबाई: सर्दी होईल तिला.

सरोजिनी: सर्दीसाठी शपथ घालतात का?

रमा: आई. माझ्याकडे बघा.

द्वारकाबाई: दूध उतू जाईल चुलीवर. मी बघून येते.

रमा: चुलीवर दूध नाही. तुम्ही अजून चहाचं पाणीसुद्धा ठेवलेलं नाही. आई, यांचं काही आहे का? भोपाळहून काही कळलंय?

द्वारकाबाई: नाही ग, नाही! अच्युत चांगला आहे. त्याला काही झालेलं नाही.

रमा: त्याला नाही. मग कुणाला झालंय?

द्वारकाबाई: कुणाला नाही. तू उगाच मनात काही आणू नकोस. दूध जाईल.

रमा: डोक्याला तेल कधी लावत नाहीत, एवढं मला कळतं. आई गेली तेव्हा दहा दिवस आमच्या घरात कुणी तेलाला शिवलं नव्हतं. आणि तुम्ही स्वतःसुद्धा लावलेलं नाही. रोज सकाळी आरसा मांडून तेल लावून अंबाडा घालता तुम्ही. बारशाच्या दिवसापासून तुमचेही केस कोरडे आहेत. मी बघत होते, मला वाटलं, कामाच्या गडबडीत राहिलं.

सरोजिनी: खरंच की. वहिनी, बारशाच्या जिलबीलाही हात लावला नाहीस तू. मी समजले, दाढ दुखतेय.

रमा: लक्ष्मण शनिवारी आला. अण्णा ना?

द्वारकाबाई: रमा...

रमा: अण्णा गेले ना? नुसतं हो म्हणा. आई, हो की नाही?

द्वारकाबाई: हो ग.

सरोजिनी: अरे देवा! आणि मी हे हातात तेल घेऊन... मी काय करून बसले असते! मला काय माहीत, वहिनी? मी हात धुऊन येते. रमा, पोर दे माझ्याकडे. दे, मी बाहेर नेते त्याला उन्हात.

रमा: नको. राहू दे माझ्याजवळ. नाही, न्या. न्या तुम्ही.

द्वारकाबाई: त्याला टोपी घाला वन्सं. रमा, पाणी पी. असं टक लावून बघू नकोस, रड तू. रडून घे.

रमा: कधी?

द्वारकाबाई: मंगळवारी. मागच्या मंगळवारी सकाळी. डबा भरून त्यांनी ठेवला होता सोमवारीच. लक्ष्मण निघणार होता ना, त्याच्याबरोबर द्यायला. सकाळी उठले, चूळ भरली आणि छातीत कळ आली म्हणे. अर्ध्या तासाचा खेळ. लक्ष्मण दोन दिवस थांबला तिसऱ्याचं होईपर्यंत. मग दिवाकरने त्याच्या हाती डबा दिला आणि निरोपही दिला. तारेने कळवू नकोस म्हणाला, बाळंतीण आहे, समोर बसून नीट सांग.

रमा: समोर बसून. आणि तुम्ही त्याला बसू दिलं नाहीत.

द्वारकाबाई: नाही दिलं. डबा आत घेतला आणि निरोप बाहेर ठेवला.

रमा: म्हणजे रविवारी बारसं झालं तेव्हा...

द्वारकाबाई: हो.

रमा: मी शालू नेसले होते. गजरा घातला होता. पाळणा म्हटला मी, आत्याबाई म्हणाल्या आणखी एक म्हण, तर आणखी एक म्हटला. सगळ्यांना सांगत होते, माझ्या अण्णांनी तेल पाठवलंय. हसत होते मी! घरात पाच दिवसांचं... आई, मी अण्णांच्या सुतकात जिलबी खाल्ली!

द्वारकाबाई: तू नाही खाल्लीस. म्हणजे, तुला लागतच नव्हतं सुतक. कानावर पडलं नाही तोवर लागत नाही. मी गुरुजींना विचारलं होतं.

रमा: गुरुजींनासुद्धा माहीत होतं?

द्वारकाबाई: तुझं नाव नाही घेतलं. म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, तिच्या सुनेचं असं असं झालंय. ते म्हणाले, ऐकलं की मगच. तोवर बारसं करायला हरकत नाही, गोडाला हरकत नाही, तेलालाही हरकत नाही. मी खूश होऊन घरी आले, खोटं कशाला सांगू? म्हटलं, चला, शास्त्रात बसतंय सगळं. मग गंगूबाईने तेलाची वाटी घेतली आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तर मी तिचा हातच धरला. मनात म्हटलं, हिचा बाप तिकडे... आणि हिच्या डोक्यात तेल. नको म्हटलं तिला. का नको, ते तिलाही नाही सांगितलं. आणि मग माझंही लावेना. जिलबी ताटात घेतली, तोंडाशी नेली, उतरेना. तुला पाळता येत नव्हतं ना, म्हणून तुझ्या वाटचं मी पाळत बसले.

रमा: माझ्या वाटचं तुम्ही कसं पाळणार? अण्णा माझे होते.

द्वारकाबाई: बरोबर आहे तुझं.

रमा: यांना माहीत होतं?

द्वारकाबाई: त्याच्यावर राग धरू नकोस. त्याला मी बारसं उरकल्यावर सांगितलं, पहाटे गाडीला निघताना. तो थांबलाच होता, म्हणाला, मी रजा घेतो, आत्ता जाऊन सांगतो रमाला. मी त्याला हाकलला. म्हटलं, नवी नोकरीची जागा, साहेब नवा, तू जा. मी आजच सांगते तिला. सोमवारी म्हटलं, मंगळवारी सांगू. मंगळवारी तू बाळाला घेऊन झोपली होतीस, किती दिवसांनी शांत. आज सकाळपासून तीनदा तोंड उघडलं मी. तू दरवेळी तेलाचंच काढलंस.

रमा: मी तेलाचं काढलं! म्हणजे माझीच चूक.

द्वारकाबाई: नाही ग बाई. माझी जीभ जळो. तसं नाही म्हणायचं मला.

रमा: सगळी म्हणतील, बाळंतिणीला सांगितलं नाही ते बरं केलं. दूध आटलं असतं, ताप भरला असता. तुम्हीही तेच म्हणा ना. म्हणजे मला रागावतासुद्धा येणार नाही.

द्वारकाबाई: अच्युतला तेच सांगितलं. वन्संनाही तेच सांगणार होते. पण तुला काय सांगू? रमा, दुधाचं माझ्या मनात नव्हतंच तेव्हा. आचारी सांगून झाला होता. भोपाळला गेलेली माणसं खास रविवार धरून आली होती. ह्या घरात पंचवीस वर्षांनी पाळणा हलला. हे गेल्यापासून चारचौघांना मी कशाला बोलावलं होतं घरी? सगळे म्हणायचे, द्वारकाबाईंचं आता काही राहिलं नाही. मला दाखवायचं होतं एकदा सगळ्यांना. लक्ष्मण दारात उभा, आणि मागे अंगणात तोरण बांधून राहिले होते. त्याचं तोंड बघूनच मला कळलं. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगते. बिचारी रमा, असं नाही आलं. आलं ते हे, की आता बारसं बुडणार.

रमा: हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं.

द्वारकाबाई: नसतं चाललं. चार दिवस गिळून बसलेय मी ते.

रमा: कार्तिकात अण्णा मला न्यायला आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. तुम्हीच म्हणालात, तिकडे डॉक्टर नाही, घरात बाईमाणूस नाही, इथे मोठं हॉस्पिटल आहे. ते हो म्हणाले. तुमचं खरंच होतं. मलाही पटलं होतं. पण स्टेशनवर निघताना मला म्हणाले, मग बाळंतिणीचं तेल तरी माझं. एवढंच म्हणाले.

द्वारकाबाई: नको ग. नको सांगूस.

रमा: उद्या दहावा असेल त्यांचा.

द्वारकाबाई: उद्याच. मोजत होते मी.

रमा: आता मला पाणी तापवून द्या. डोक्यावरून घेते. सर्दी होईल म्हणू नका.

द्वारकाबाई: नाही म्हणत. खूप गरम करते. आणि रमा, तू मला बोल ना काही. शिव्या दे. सरोजिनीवन्संसमोर दे. मी ऐकून घेईन.

रमा: तेवढी ताकद नाही माझ्यात. आई, मला एक सांगा. अण्णा अर्धा तास होते म्हणालात. त्या अर्ध्या तासात बोलत होते का? माझं काही म्हणाले?

द्वारकाबाई: मी पाणी ठेवते आधी.

रमा: काही म्हणाले असतील ना. लक्ष्मण तिथेच होता, शेजारच्याच आळीत घर त्याचं. त्याने सांगितलं असेल.

द्वारकाबाई: रमा, तो सांगत होता.

रमा: काय सांगत होता?

द्वारकाबाई: तो म्हणाला, अण्णांनी शेवटी रमाताईला एक सांगायला सांगितलंय, तिलाच सांगायचंय. आणि तेवढ्यात तू आतून हाक मारलीस, कोण आलंय हो म्हणून. मी घाबरले. म्हटलं, नंतर, नंतर ये, बारसं झालं की ये. आणि दार लावून घेतलं.

रमा: तो उभा होता दाराबाहेर?

द्वारकाबाई: थोडा वेळ होता. मी फटीतून बघत होते. मग गेला.

रमा: आणि परत आला नाही.

द्वारकाबाई: कसा येईल? तीन दिवसांचा प्रवास करून आलेला पोर, त्याच्या तोंडावर दार लावलं मी. पाणीसुद्धा नाही विचारलं. ह्याचं प्रायश्चित्त कुठल्या गुरुजींना विचारू?

सरोजिनी: वहिनी, पोर झोपलं माझ्या खांद्यावर. मी सगळं ऐकलं, खिडकी उघडी होती. टांगा उभाच आहे माझा बाहेर. मी जाते पोलोग्राउंडला, शोधून आणते त्या मुलाला. कारखान्याचं नाव सांगा फक्त.

रमा: नको, आत्याबाई. तुम्ही बाळाजवळ थांबा. आई जातील.

द्वारकाबाई: मी?

रमा: दार तुम्ही लावलंत ना. मग तुम्हीच जा. फाटकावर लक्ष्मण म्हणून विचारा, गुहागरचा म्हटलं की सगळे सांगतील. त्याची पाळी चालू असेल तर थांबा तिथे, कितीही वेळ.

द्वारकाबाई: जाते. अशीच जाते. येईल का ग तो माझ्याबरोबर?

रमा: मी बोलावलंय म्हणा. माझ्या कानावर पडलंय आता, असंही सांगा, म्हणजे बिचारा वाटेत अवघडणार नाही.

द्वारकाबाई: सांगते. वन्सं, पाणी तापत ठेवा तिच्यासाठी. मोठं घंगाळ घ्या. येते मी.

रमा: आई, थांबा.

द्वारकाबाई: काय ग?

रमा: टांग्यात तुम्ही त्याच्याजवळ बसाल. अण्णा काय म्हणाले ते त्याला विचारू नका. आधी मला ऐकू दे.